शिक्का न मारलेलं तिकीट

मी नाशिकला चोवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. सुरुवातीची काही वर्षं ग्रामीण गाड्यांवर, म्हणजे दिंडोरी, पेठ, सुरगाणा. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा अर्ज करून शहरात आले आणि निमाणी-सातपूर, निमाणी-नाशिकरोड अशा फेऱ्या केल्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मुलाने व्हिएन्नाला बोलावून घेतलं. तो तिथे नोकरी करतो, एका खोलीच्या घरात एकटाच राहतो. माझे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात आहेत, त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. ते म्हणाले, "माझी रजा शिल्लक नाही, तू जा." रजा होती, मला माहीत होतं. विमानाची भीती वाटते हे त्यांना सांगायचं नव्हतं, मीही विचारलं नाही.

पहिला आठवडा मुलाने सुट्टी काढून मला सगळं दाखवलं. राजवाडे, चर्च, एक मोठी बाग. मला त्यातलं फार काही आठवत नाही, कारण माझं लक्ष गाड्यांकडेच असायचं. रस्त्यावरून धावणारी ट्राम मी पहिल्यांदाच बघत होते. लाल-पांढरी, लांबलचक, मधे सांधे असलेली. दार प्रवाशाने बटण दाबून उघडायचं. कंडक्टर नाहीच. लोक चढतात, बसतात, उतरतात, कोणी कोणाला तिकीट विचारत नाही. मी मुलाला म्हटलं, "मग तिकीट काढतं कोण?" तो म्हणाला, "सगळे काढतात." माझा विश्वास बसला नाही. गर्दीच्या गाडीत पुढच्या दाराने चढून मागच्या दाराने उतरणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत.

सोमवारी त्याचं ऑफिस सुरू झालं. रविवारी संध्याकाळी मी त्याला सांगितलं की उद्या मी एकटी गाडीने फिरून येईन. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "खालच्या बागेपर्यंत जा." मी म्हटलं, "बागेपर्यंत जायला गाडी लागत नाही." शेवटी तो तयार झाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने दिवसभराचं तिकीट आणून दिलं, घराचा पत्ता एका कागदावर लिहिला, पासपोर्टची झेरॉक्स आणि त्याचं एक बँकेचं कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवलं. मग अर्धा तास तो मला समजावून सांगत होता. कुठल्या नंबरची गाडी, कुठल्या बाजूला उभं राहायचं, तिकिटाचं काय करायचं. मी मान हलवत होते. खरं सांगायचं तर अर्ध्याच गोष्टी ऐकल्या. तिकीट या विषयावर हा मला काय शिकवणार, असं माझ्या मनात होतं.

सकाळी नऊला तो गेला. मी पोळी-भाजीचा डबा भरला, पाण्याची बाटली घेतली, अंगात स्वेटर आणि पायात मुलाने घेऊन दिलेले बूट घातले आणि निघाले. आमच्या घराजवळूनच एक ट्राम सुटते, तिला नंबर नाही, नुसतं 'डी' हे अक्षर आहे. कुठलाही मार्ग समजून घ्यायचा तर त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, ही माझी नोकरीतली सवय. नवीन ड्यूटी लागली की आदल्या दिवशी मी साध्या कपड्यांत तो पूर्ण मार्ग फिरून यायचे. म्हणून मी ठरवलं की डीमध्ये बसायचं आणि ती शेवटी जिथे थांबेल तिथे उतरायचं.

गाडी रिकामीच होती. मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. आधी साधी घरं, मग रेल्वे स्टेशन, मग एकदम मोठ्या इमारती, दगडी खांब, घोड्यांवरचे पुतळे. प्रत्येक थांब्याचं नाव गाडी स्वतःच बोलून दाखवायची. मी हळू आवाजात ती नावं म्हणून बघत होते. जीभ वळत नव्हती. एका थांब्यावर एक बाई बाबागाडी घेऊन चढली तेव्हा दोन माणसं न सांगता उठली आणि त्यांनी गाडी वर घेतली. एक शाळेचा घोळका चढला, पाच मिनिटं कलकलाट झाला आणि उतरला. मधल्या काळात मी तीनदा उठून उभी राहिले असेन. बसून प्रवास करायची मला सवयच नाही. गाडी चालू असताना आपण बसलेले आहोत याची लाज वाटत होती.

पाऊण तासाने शेवटचा थांबा आला. नुसडोर्फ त्याचं नाव. उतरून बघते तर समोर डोंगराच्या उतारावर द्राक्षबागा. शहराच्या ट्रामने जाऊन द्राक्षबागेत उतरायचं, हे मला फार गमतीचं वाटलं. माझं माहेर निफाडजवळचं, तेव्हा बाग म्हटली की मांडव डोळ्यांपुढे येतो, खाली सावली आणि वर वेल. इथे मांडव नव्हते. तारांवर कमरेएवढे ठेंगणे वेल, त्यांना नुकती पानं फुटत होती. मी जवळ जाऊन एक खोड बघितलं. मनगटाएवढं जाड, म्हणजे बरंच जुनं असणार. विचारायला आजूबाजूला कोणी नव्हतं. थोडा चढ चढले, गुडघ्याने नको म्हटलं, परत आले.

गाडी वळणावर उभी होती आणि तिची ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करत होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, केस मागे घट्ट बांधलेले. ती डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होती. मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ गेले आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, "इंडिया. बस. कंडक्टर." तिला कळलं नाही. मग मी गळ्यात बॅग अडकवल्यासारखं केलं, हातात तिकिटांचा ट्रे धरला, पंच केल्यासारखं केलं, आणि वर हात करून दोरी ओढली. एकदा, आणि बोटाने थांबा असं दाखवलं. दोनदा, आणि चला असं दाखवलं. ती हसली. "यू? वर्क?" म्हणाली. मी बोटांनी चोवीस वर्षं दाखवली. तिने माझा हात हातात घेतला आणि स्वतःचं मनगट दाखवून तोंड वाकडं केलं. मी माझे गुडघे दाखवले. एवढंच आमचं बोलणं. तिची वेळ झाली तशी ती केबिनमध्ये चढली, मीही मागून चढले. निघताना तिने दोनदा घंटा वाजवली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

मला बरं वाटलं. इतकं की आता जमिनीखालची रेल्वेही बघू असं मनात आलं. काही थांबे मागे आल्यावर मोठं स्टेशन दिसलं, तिथे उतरले. आत शिरायला कुठे फाटक नव्हतं, कोणी अडवलं नाही. फलाटावर गाडी उभीच होती. बसले. ती काही लगेच जमिनीखाली गेली नाही, एका कालव्याच्या कडेने उघड्यावरूनच निघाली.

दार बंद झालं तशी दोन माणसं उठली. पन्नाशीतला एक पुरुष, खांद्याला कापडी पिशवी, आणि एक तरुण बाई. इतका वेळ ते बाकीच्यांसारखेच बसले होते. पुरुषाने खिशातून बिल्ला काढून दाखवला आणि काहीतरी म्हणाला. शब्द कळायच्या आधीच मला समजलं की चेकिंग आहे. ते उभं राहणं, दोन्ही बाजूंनी सुरुवात करणं, कोणाकडे घाईने न बघणं, हे कुठल्याही देशात सारखंच असावं. मी निवांतपणे पर्समधून तिकीट काढून हातात धरलं. उलट मला उत्सुकता होती की हे लोक कसं तपासतात.

त्याने तिकीट घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं.

त्या क्षणी मला मुलाचं आदल्या संध्याकाळचं बोलणं शब्दशः आठवलं. "आई, गाडीत चढलीस की निळा डबा दिसेल. त्यात तिकीट घालायचं. टक्कन शिक्का पडतो. शिक्का नसेल तर तिकीट नसल्यासारखंच." मी मान हलवली होती. सकाळी गाडीत चढले तेव्हा तो डबा मला दिसलाही होता. पण मी दारांचं बटण बघत होते.

मला घाम फुटला. त्या माणसाने आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. बाकीचे प्रवासी आपापल्या मोबाइलमध्ये बघत राहिले. आमच्याकडे असं काही झालं की अर्धी बस मध्ये पडते. कोणी म्हणतं सोडा हो म्हातारीला, कोणी म्हणतं या लोकांना असंच पाहिजे. इथे कोणीच मान वर केली नाही. यातलं काय जास्त वाईट, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

पुढच्या स्टेशनवर त्यांनी मला खाली उतरवलं. मी पत्त्याचा कागद काढला, त्यावर मुलाचा नंबर होता. मी माझा मोबाइल पुढे केला, बाईने त्यावरून तो फिरवला आणि फोनचा आवाज मोठा केला. मुलगा आधी घाबरला, मग भराभर इंग्रजीत बोलायला लागला. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण समजतं. तो म्हणत होता की माझी आई म्हातारी आहे. ती खेड्यातून आली आहे. तिला वाचता येत नाही. ती पहिल्यांदाच अशा गाडीत बसली, तिला काही कळत नाही.

मी बारावी पास आहे. लग्न झाल्यापासून नाशिक शहरात राहते. आमच्या कॉलनीतल्या विहारात दर रविवारी वाचन होतं, तिथे ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. मी फोनच्या जवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "त्यांना सांग, मला वाचता येतं."

तो थांबला. "आई, तू बोलू नकोस. मी बघतो."

"सांग त्यांना. काल तू मला सगळं समजावलं होतंस आणि मी विसरले. तसं सांग."

"तसं सांगितलं तर दंड होईल. ते सोडतील आता, थांब जरा."

"होऊ दे. माझी चूक आहे."

तो माणूस माझ्याकडे आणि फोनकडे बघत होता. त्याने मुलाला काहीतरी विचारलं, बहुधा मी काय म्हणाले ते. मुलाने बारीक आवाजात सांगितलं. माणसाने मान डोलावली, पिशवीतून छोटं मशीन काढलं आणि दंडाची पावती केली. मी मुलाचं कार्ड पुढे केलं. नंतर त्या तरुण बाईने मला जिन्याजवळच्या निळ्या डब्यापाशी नेलं आणि दाखवलं. मी माझ्या हाताने तिकीट आत घातलं. शिक्का पडला. ती "ओके?" म्हणाली, मी "ओके" म्हटलं. दोघं पुढच्या गाडीत चढून गेली.

मुलगा अजून फोनवर होता. "तिथेच बस, मी निघतोय."

"येऊ नकोस. तुझं काम कर. मी संध्याकाळपर्यंत येते."

"आई, प्लीज."

"अरे, आता शिक्का आहे माझ्याकडे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

फलाटावर बाक होता, त्यावर बसले. हे मी का केलं याचा पुढे खूप विचार केला. त्यात खरेपणा थोडा होता आणि राग जास्त होता, असं आता वाटतं. मला काही कळत नाही असं पोटच्या पोराने परक्या माणसाला सांगावं, हे सहन झालं नाही. पण बाकावर बसल्या बसल्या दुसरंच आठवलं, आणि ते मला गेली तेवीस-चोवीस वर्षं कधीमधी आठवतच आलं आहे.

नोकरीचं पहिलंच वर्ष. सुरगाण्याची मुक्कामी गाडी. दिंडोरीकडच्या बागांमधलं काम संपवून मजूर घरी परतत होते. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, गाठोडी, पातेली, कोंबड्या. मी ट्रे सांभाळत गर्दीतून तिकिटं फाडत होते. वणीच्या पुढे चेकिंगची जीप आडवी आली. मागच्या बाजूला एका बाईकडे तिकीट सापडेना. माझ्याच वयाची असेल. तिने पदराची गाठ सोडली, गाठोडं उघडलं, जमिनीवर वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, म्या पैसं दिलं ना. तू तिकीट दिलास. आठव ना."

साहेबांनी मला विचारलं, "दिलं होतं का यांना?"

पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही असं ठरलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पहिलंच वर्ष होतं. तिकीट दिलं होतं असं म्हटलं असतं तर ते दाखवा म्हणाले असते. मी म्हटलं, "मला आठवत नाही." त्या गर्दीत खरोखर आठवत नव्हतं, पण आठवायचा प्रयत्नही मी केला नाही. तिला दंड झाला. तिच्या मजुरीतून तिने तो भरला. नंतर तिचं गाव येऊन उतरेपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. गाडी रिकामी झाल्यावर झाडताना मागच्या सीटच्या पायाच्या फटीत एक तिकीट अडकलेलं सापडलं. भाडं तिच्याच गावापर्यंतचं. ते तिचं असेल, किंवा दुसऱ्या कोणाचंही. त्या गावचे पंधरा-वीस जण गाडीत होते. मी ते चुरगाळून फेकून दिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

बाकासमोरून किती गाड्या गेल्या ते मी मोजलं नाही. मग भूक लागल्याचं लक्षात आलं. त्याच स्टेशनवर वरच्या फलाटावरून दुसरी एक रेल्वे सुटते, तिचा नकाशा भिंतीवर होता आणि त्यात ती निळा पट्टा ओलांडून जात होती. नदी असणार. तीत बसले. खरंच मोठी नदी लागली, इतकी रुंद की पुलावरून जायला गाडीला बराच वेळ लागला. पलीकडे उतरून काठावर गेले. गवत होतं, लोक सायकली आडव्या टाकून उन्हात पडले होते. मी एका झाडाखाली डबा उघडला. पोळी गार होऊन चामट झाली होती, पण सगळी खाल्ली. शेजारी एक म्हातारा कुत्र्याला घेऊन बसला होता. कुत्रं माझ्या डब्याकडे बघत होतं, म्हाताऱ्याने त्याला रागावलं आणि मला हात करून माफी मागितली. मी पोळीचा तुकडा दाखवून विचारलं, देऊ का? तो हो म्हणाला. कुत्र्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हातारा खूप हसला. मला पण हसू आलं, त्या दिवशीचं पहिलं.

परतीची वाट मी कोणाला विचारली नाही. रेल्वेने मागे आले, थोडं चालल्यावर डीचे रूळ सापडले, रुळांच्या कडेने थांबा सापडला. दोनदा गाडी बदलून बघितली, मध्येच उतरून उलट दिशेने गेले, परत आले. दिवसभराचं तिकीट होतं आणि त्यावर शिक्का होता. दुपारभर मी नुसती चढत-उतरत होते. बाजूच्या सीटवरच्या माणसांचे चेहरे, हातातल्या पिशव्या, कोण कुठे उतरतो. हे बघायला मला आयुष्यात कधी फुरसत मिळाली नव्हती. गाडीत माणसं असली की मी फक्त त्यांचे हात बघायचे, सुट्टे आहेत की नोट आहे एवढंच.

पाचच्या सुमारास आमच्या थांब्यावर उतरले तर मुलगा तिथे उभा होता. ऑफिसातून लवकर आला होता. त्याने माझ्या हातातली डब्याची पिशवी घेतली. दार उघडताना तो म्हणाला, "मी तसं बोलायला नको होतं."

"कसं?"

"तुला वाचता येत नाही वगैरे. ते पटकन सोडतात म्हणून बोललो."

"माहीत आहे मला. लोक मलाही असंच सांगायचे. प्रत्येकाची आई आजारीच असायची."

तो ओशाळून हसला. चहा त्याने केला. चहा पिता पिता मी त्याला सुरगाण्याच्या बाईची गोष्ट सांगितली. ठरवून नाही, सांगितली गेली. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"ते तिकीट तिचंच होतं असं वाटतं तुला?"

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, आणि दर वेळी पंधरा-वीस जण होते असं उत्तर दिलं होतं. "हो," मी म्हटलं. "तिचंच होतं."

तो म्हणाला, "म्हणून आज तू दंड भरलास?"

"नाही रे. आजचा दंड आजच्या चुकीचा. त्याने तिचं काही भरून निघत नाही."

त्याने मान हलवली. नंतर नाशिकला फोन लावला, तिकडे जेवणं आटोपून यजमान झोपायच्या तयारीत होते. मी त्यांना दंडाचं सांगितलं. ते एवढे हसले की त्यांना खोकला लागला. मग विचारलं की तिथे थंडी किती आहे, गुडघे कसे आहेत, आणि गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय. बाकीचं मी फोनवर सांगितलं नाही. नाशिकला परतल्यावर समोर बसवून सांगितलं, तोपर्यंत दीड महिना गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसला निघाला तेव्हा मीही त्याच्याबरोबरच खाली उतरले. त्याने कुठे जाणार एवढंच विचारलं. मी म्हटलं, एकाहत्तर नंबरची गाडी दिसली काल, ती कुठे जाते ते बघते. ती शहराबाहेरच्या एका मोठ्या दफनभूमीपर्यंत जाते. तिथे झाडं खूप होती, आणि सगळं फिरून बघायला मला तीन तास लागले.